‘लाइव्ह’ म्हणजे नेमकं काय?

आता लेड झेपेलिनच्या ‘द साँग रिमेन्स द सेम’कडे येऊ. जुलै १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री चित्रण झालं. संकलनाला बसल्यावर लक्षात आलं, मधले तुकडेच नाहीत! गाणं चालू आहे, पण चित्र नाही. मग १९७४मध्ये इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत तसाच मंच उभारून, जुन्या ध्वनिमुद्रणावर वाजवण्याचा अभिनय करून, ती भोकं बुजवली. जॉन पॉल जोन्सनं तोवर केस कापले होते. त्याला चक्क केसांचा टोप घालावा लागला. चित्रपट आला १९७६मध्ये. आपण याला फसवणूक म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही, कारण आवाज त्या मैफलींचाच आहे. पण तोही वेगवेगळ्या रात्रींतून निवडून जोडलेला, बरं का! पडद्यावर दिसते तशी एक सलग रात्र कधी झालीच नव्हती.