पेटी तीच, किल्ली तीच, आणि तरीही…

प्रतिवर्षी स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय विषय निवडण्याचा माझा प्रघात आहे. यंदा लिहीत आहे ते आजाराविषयी नाही, माझ्याच एका चुकीविषयी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात आता संगणक आहे. बँक, आयकर, वैद्यकीय परिषद, विमा कंपन्या अशा प्रत्येक ठिकाणी निराळा परवलीचा शब्द लागतो. त्यामुळे ही चूक कोणाच्याही वाट्याला येऊ शकेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

हे सर्व शब्द डायरीत लिहून ठेवण्याऐवजी मी काही वर्षांपासून ‘कीपास’ ही प्रणाली वापरतो. डॉमिनिक राइशल या जर्मन गृहस्थाने २००३ साली ती प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे. आपले सर्व परवलीचे शब्द एका कूटबद्ध फाइलमध्ये राहतात आणि ही पेटी उघडण्यासाठी एकच मुख्य शब्द, म्हणजे मास्टर पासवर्ड, लक्षात ठेवावा लागतो. तो शब्द दुसऱ्या कोणाकडेही नसतो. ‘पासवर्ड विसरलात का?’ असे विचारणारी सोय येथे नाही, आणि नसावी हेच योग्य. जी पेटी दुसरा कोणी आपल्याला उघडून देऊ शकतो, ती तो आपल्या माघारीही उघडू शकतो.

माझा जुना मुख्य शब्द गाडीचा क्रमांक आणि मुलीचे जन्मवर्ष यांतून बनविलेला होता. त्यातच तो संगणक दुरुस्तीसाठी आलेल्या एका मुलासमोर एकदा टंकला गेला होता. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, दवाखान्यातच बसून मी तो बदलला. पाच असंबद्ध इंग्रजी शब्दांचा नवा लांबलचक शब्द घरी ठरवून पाठ केलेला होता. तो दोनदा टंकला, पडद्यावर टिंबांची रांग उमटली, दोन्ही नोंदी जुळल्या. जतन केले, पेनड्राइव्हवर नवी प्रत घेतली आणि संगणक बंद करून घरी आलो.

रविवारी दुपारी फोन वाजला. माझा सहा वर्षांचा एक बालरुग्ण (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) आजोळी, कोल्हापूरकडच्या एका गावी गेला होता. तेथे त्याला झटका आला. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी तो थांबविलाही होता. आता त्यांना नियमित औषधाची मात्रा हवी होती, आणि ती मी तीन आठवड्यांपूर्वीच वाढविली होती. “डॉक्टर, कागद बेळगावातच राहिला. इथले सर किती द्यायचं विचारतायत, सांगा की लवकर,” आई म्हणाली.

मी दवाखान्यात धावलो. रुग्णनोंदींच्या प्रणालीचा परवलीचा शब्द मी नुकताच, त्याच तीन आठवड्यांत, बदलला होता. तो कीपासनेच बनवून दिलेला, वीस अक्षरांचा, मला स्वतःला ठाऊक नसलेला शब्द. पेटी उघडू लागलो, उघडेना. पुन्हा सावकाश टंकला, तरीही नाही. पेनड्राइव्हवरील प्रतही नाही. घरच्या संगणकावरील महिन्यापूर्वीची प्रत जुन्या मुख्य शब्दाने विनातक्रार उघडली असती, पण तिच्यात नोंदींचा नवा शब्द नव्हता.

वाढविलेली मात्रा मला अंधुक आठवत होती. परंतु सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप पाच मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असते. मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांची फोनवर गल्लत झाली, किंवा दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मुलाच्या शरीरात काय होते ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत दहापट चुकीची भीती मी दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना घालत आलो आहे. त्या दुपारी “नक्की सांगता येत नाही” एवढेच मला म्हणावे लागले. माझी नोंद, माझाच संगणक, माझ्याच टेबलावर, आणि तिकडे एक अनोळखी सहव्यवसायी खोळंबलेला. अर्ध्या तासाने मुलाच्या वडिलांना घरी कागद सापडला. त्यांनी त्याचे छायाचित्र पाठविले आणि प्रश्न सुटला. ते अर्धे तास मात्र मी विसरलेलो नाही.

रात्री पुन्हा पेटीपुढे बसलो. प्रथम एक गोष्ट बरी केली. बंद फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवली आणि जुनी प्रतही बाजूला ठेवली. चुकीचा शब्द टाकल्याने फाइल बिघडत नाही, पण घाबरलेला माणूस काय पुसून टाकील याचा नेम नाही. जुनी प्रत जुन्याच शब्दाने उघडते ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. मुख्य शब्द बदलला की नव्या फाइलचेच कुलूप बदलते, आधी काढलेल्या प्रतींचे नाही. त्या रात्री हा मला आधार होता. अगदीच वेळ आली असती तर महिन्याभराचे शब्द गेले असते, वर्षांचे नव्हे.

मग वीसपंचवीस प्रकार करून पाहिले. मोठी लिपी, लहान लिपी, मधली रिकामी जागा, शेजारची कळ. सौ. चहा घेऊन आली आणि थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, पेशंटच्या आईला विचारता तसं स्वतःला विचारा ना. त्या वेळी नेमकं काय काय चाललं होतं?”

हिस्टरी! तीस वर्षे दुसऱ्यांची घेतली, स्वतःची घेण्याचे सुचले नव्हते. शनिवारी संध्याकाळी काउंटरवरच्या बाईंनी त्याच संगणकावर दवाखाना बंद असल्याची सूचना टंकली होती. आमच्या बेळगावात सूचना म्हटली की ती तीन भाषांत. संगणकावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तिन्ही कळफलक बसविलेले आहेत. त्या उठल्यावर मी बसलो. कळफलक कोणता आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलेच नाही, आणि टिंबांच्या आड अक्षरे कोणत्या लिपीत उमटत आहेत ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चूक दोन्ही वेळा तीच झाल्यामुळे दोन्ही नोंदी तंतोतंत जुळल्या. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा कळफलक निमूटपणे इंग्रजीवर आला होता.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. भारतीय भाषांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळरचना आहे; १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. देवनागरीत ‘क’ ज्या कळेवर, त्याच कळेवर कन्नड ‘क’. इंग्रजी ‘मँगो’ या शब्दाच्या पाच कळा या रचनेत दाबल्या तर ‘सोलुद’ असे काहीतरी उमटते. अर्थहीन, परंतु दर वेळी तेच. म्हणजे माझा शब्द हरवला नव्हता, केवळ दुसऱ्या लिपीत गेला होता.

सोमवारी दवाखाना उघडण्यापूर्वी मराठी कळफलक निवडून त्याच कळा दाबल्या. पेटी उघडली नाही. क्षणभर पाय गळाले. मग आठवले, सूचनेत मराठी मजकूर आधी होता, कन्नड शेवटी. कन्नड निवडले, सावकाश टंकले. पेटी उघडली.

पहिल्यांदा नोंदींचा शब्द कागदावर उतरविला. मुख्य शब्द इंग्रजी कळफलकावरून नव्याने घातला, आणि या वेळी बाजूचे बटण दाबून अक्षरे उघडी पाहिली. पेटी बंद केली, घरी नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली, आणि त्यानंतरच जुन्या प्रतींकडे वळलो. त्या ठेवणेही धोक्याचे असते. २०२२ साली ‘लास्टपास’ या सेवेच्या ग्राहकांच्या कूटबद्ध पेट्यांच्या प्रती चोरीस गेल्या. ज्याच्या हाती जुनी प्रत, त्याच्यासाठी मुख्य शब्दही जुनाच. म्हणून बँकेचे आणि आयकराचे शब्द बदलले आणि मगच जुन्या प्रती पुसल्या.

महाजालावरील सेवा वापरणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, नवा शब्द चालेनासा झाला आणि फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर पेटी अजून उघडी असेल, तर तेथून बाहेर पडू नये. आधी आतील मजकूर उतरवून घ्यावा. ‘वनपासवर्ड’ आणीबाणीचा कागद छापून ठेवायला सांगते. कीपासमध्येही तशा पत्रकाची सोय आहे. मी ते कधी छापले नव्हते, आणि छापले असते तरी त्यावरचा अचूक इंग्रजी शब्द त्या रविवारी निरुपयोगीच ठरला असता!

काउंटरवरच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या ओशाळल्या. “सर, कन्नड काढून ठेवायचं माझ्याकडूनच राहिलं बघा,” म्हणाल्या. कोपऱ्यात पाहणे माझे काम होते, असे मी त्यांना सांगितले. आता बँकेच्या लॉकरमध्ये एक बंद लिफाफा आहे. त्यात मुख्य शब्द आहे आणि त्याखाली सौ.च्या अक्षरात लिहिले आहे: ‘कळफलक – इंग्रजी’.