पुलाच्या पायात कोण आहे?

जोतिबाला जाताना पंचगंगेवरचा शिवाजी पूल आपण ओलांडला असेल. असा जुना दगडी पूल आला की घरातले एखादे वडीलधारे माणूस हळूच म्हणते, "याच्या पायात माणूस घातलाय."

ही समजूत फार दूरवर आढळते. आपल्या शेजारच्या कानडी घरांतले 'केरेगे हार' हे कथागीत आठवा. तळ्याला पाणी लागेना म्हणून गौडाची धाकटी सून भागीरथी बळी जाते. लढाईवरून परतलेला नवरा त्याच तळ्यात जीव देतो. ग्रीसमधल्या आर्टाच्या पुलाच्या गाण्यात दिवसा बांधलेले काम रात्री कोसळते आणि शेवटी मुख्य गवंड्याची बायको चिणली जाते. बळीसाठी गौड किंवा मुकादम कधी निवडला जात नाही, हेही पाहा.

दवाखान्यात रोगी पुष्कळदा दुखण्याची जागा अचूक दाखवतो, कारण मात्र भलतेच सांगतो. या कथांचेही तसेच आहे. पुलाचे मरण पायातच असते. कमान बांधताना लाकडी साच्यावर पाचरीसारखे घडीव दगड दोन्हीकडून रचत आणतात, माथ्यावर कळीचा दगड बसवतात आणि मग साचा काढतात. वरचे ओझेच दगडांना एकमेकांवर दाबून धरते. ते सारे ओझे अखेर खांबांच्या पायावर उतरते. पुराचे पाणी खांबावर आपटून खाली वळते, भोवरे करते आणि पायाखालची वाळू उपसते. वरून पूल धडधाकट दिसतो. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, त्यात दोन एसटी गाड्या प्रवाशांसह गेल्या.

कथा निरुपद्रवी आहेत, असे मात्र मला वाटत नाही. २०१९ मध्ये बांगलादेशात पद्मा नदीवरच्या नव्या पुलाला माणसांची मुंडकी हवीत, अशी अफवा उठली आणि पोरे पळवणारे समजून जमावाने निरपराध माणसांना ठार मारले. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला, तोही मुले पळवण्याच्या अफवेनेच. आम्हा जैनांच्या यशोधर राजाच्या कथेत बळी दिलेला कोंबडा पिठाचा असतो, तरी मारण्याच्या संकल्पाचे फळ त्याला जन्मोजन्मी भोगावे लागते. तेराव्या शतकात जन्न कवीने ही कथा कानडीत रचली.

यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर चढते, तेव्हा आपण पाणी कधी उतरेल एवढेच विचारतो. उतरल्यावर आसपासच्या जुन्या पुलांचे पाय पाण्याखाली जाऊन कोणी तपासले का, हेही विचारा. आणि कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवला असेल, तर देवाचे झाड म्हणून त्याला ठेवू नका. त्याची मुळे दगड उकलतात. रोप लहान आहे तोवर मुळासकट काढून दुसरीकडे लावता येते.