रुग्ण कामगारांची सेवासुरक्षा

रुग्ण कामगारांची सेवासुरक्षा : गंभीर वा दीर्घकालीन आजारामुळे कामावर येऊ न शकणाऱ्या कामगाराची नोकरी व उत्पन्न यांना कायद्याने, कराराने किंवा मालकाच्या स्वेच्छेने मिळणारे संरक्षण. आजारपणात बुडणाऱ्या वेतनाची भरपाई कोणी करावयाची आणि बरा होऊन परतणाऱ्या कामगाराची जागा राखावयाची की नाही, असे दोन प्रश्न यात येतात. भारतात संघटित उद्योगांपुरती पहिल्याची उकल बऱ्याच अंशी झाली. दुसऱ्याची मात्र न्यायालयांतून, सावकाश व अपुरी झाली आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत आजारी कामगार पूर्वी बहुधा गावी परते व त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालानंतर कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) संमत झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीवर ती चालते. विमेदार कामगारास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजार-लाभ मिळतो. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, मनोविकार यांसारख्या ३४ दीर्घकालीन रोगांत तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. वेतनमर्यादेपलीकडील (२०१७ पासून दरमहा २१,००० रु.) कर्मचारी मात्र मालकाने ठरविलेल्या वैद्यकीय रजा व गट विमा यांवरच अवलंबून असतात.

नोकरीची गोष्ट निराळी आहे. आजार-लाभ चालू असताना कामगारास बडतर्फ करण्यास वरील अधिनियमाच्या ७३ व्या कलमाने मनाई होती. परंतु मोठे कारखाने आजाराचे कारण क्वचितच पुढे करतात, गैरहजेरीचे करतात. रजेविना सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजावे, असा नियम अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत असे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटक गिरणीच्या खटल्यात (१९६४) कामगाराने वैद्यकीय प्रमाणपत्र दाखविले होते. तरीही या नियमाखाली सेवा संपण्यास ७३ वे कलम आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून असा नियम लावता येणार नाही, हे तत्त्व त्याच न्यायालयाने डी. के. यादव खटल्यात (१९९३) स्पष्ट केले. मधली जवळजवळ तीस वर्षे दवाखान्यात पडलेल्या कामगाराला रजेचा अर्ज वेळेवर पोहोचविणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे होते.

औद्योगिक विवाद अधिनियमात (१९४७) १९५३ साली घातलेल्या व्याख्येनुसार सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती ‘कामगारकपात’ ठरत नसे. त्यामुळे धडधाकट कामगारास कपातीत दर वर्षाच्या सेवेमागे मिळणारे १५ दिवसांचे सरासरी वेतन आजाऱ्यास नाकारले जाई. हा उलटा न्याय आनंद बिहारी खटल्यात (१९९१) ठळक झाला. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाने दृष्टी अधू झालेल्या बसचालकांना काढून टाकले होते. ही कपात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तथापि त्यांना दुसरे काम द्यावे व ते नसल्यास सेवाकालाच्या प्रमाणात जादा भरपाई द्यावी, असा आदेशही दिला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढू नये, अन्य पद नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे, हे १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमाने ठरविले. २०१६ च्या अधिनियमानेही ते कायम ठेवले. खाजगी कारखान्यांना मात्र हे बंधन नाही.

एका सार्वजनिक महामंडळाने एचआयव्ही संसर्गामुळे नैमित्तिक कामगारास काम नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने (१९९७) अधिक नेमकी कसोटी लावली : कामगार नेमून दिलेले काम करू शकतो काय आणि त्याच्यापासून इतरांना खराखुरा धोका आहे काय? केवळ रोगाचे नाव पुरेसे नाही. या संसर्गापुरता भेदभाव २०१७ च्या अधिनियमाने खाजगी मालकांनाही निषिद्ध केला. कर्करोग वा मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त कामगारांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

१९४७ व १९४८ च्या अधिनियमांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अनुक्रमे औद्योगिक संबंध व सामाजिक सुरक्षा या संहितांनी घेतली. कंत्राटी कामगारांनाही आरोग्यविमा मिळतो व त्यांच्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर असते. मात्र त्यांच्या बाबतीत बडतर्फीचा हुकूम काढण्याची गरजच पडत नाही. मुदत संपते आणि करार पुन्हा होत नाही.