पाऊस पडला, तरी पाणी गेले

ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थानात पाऊस एकंदरीत सरासरीच्या आसपास पडला. तरीही या पट्ट्याच्या भूगर्भातून 109 अब्ज घनमीटर पाणी कमी झाले. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचे तर सुमारे 3,850 टीएमसी, म्हणजे कोयनेसारखी 36 धरणे भरतील एवढे. नासाच्या गॉडर्ड केंद्रातील जलशास्त्रज्ञ मॅथ्यू रॉडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा आकडा 2009मध्ये ‘नेचर’मधून मांडला, तोही एकाही विहिरीत न उतरता.

त्यांच्या हाती होती ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी. नासा आणि जर्मनीने ती मार्च 2002मध्ये सोडली. हे उपग्रह जमिनीचे फोटो काढत नव्हते. सुमारे 220 किलोमीटरचे अंतर राखून ते 2017पर्यंत एकामागोमाग पृथ्वीभोवती फिरत होते. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढते; पुढचा उपग्रह आधी ओढला जाई, मागचा नंतर. त्यामुळे दोघांमधले अंतर कणभर बदलत असे. हा बदल सूक्ष्मलहरींनी केसाच्या जाडीपेक्षाही बारकाईने मोजला जाई. डोंगर महिन्याभरात हलत नाहीत. जमिनीवर एवढ्या लवकर वजन बदलते ते मुख्यतः पाण्याचे. त्यातून मातीतली ओल आणि पृष्ठभागावरचे पाणी वजा केले की भूजलाचा हिशेब हाती येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील वीरेंद्र तिवारी यांनीही सहकाऱ्यांसह 2009मध्येच ‘ग्रेस’च्याच नोंदी तपासल्या. उत्तर भारताचा रॉडेल यांच्यापेक्षा मोठा पट्टा घेतल्यावर घट निघाली वर्षाला सुमारे 54 अब्ज घनमीटर. प्रदेश वेगळा म्हणून आकडा वेगळा, पण निदान एकच: सिंचनासाठीचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते ती ही, की असा तुटवडा पर्जन्यमापकात दिसतच नाही.

हे तंत्र महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येत नाही. ‘ग्रेस’ला काही शे किलोमीटरचा प्रदेश एकत्रितच दिसे, लातूर किंवा बीड जिल्हा वेगळा काढता येत नसे. मे 2018मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस-एफओ’ या नव्या जोडीवर लेसरही आहे, पण ही मर्यादा सुटलेली नाही. शिवाय आपला बहुतेक भाग बेसाल्टचा. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. एका शिवारात विहीर भरलेली, तर बांधापलीकडची कोरडी. इथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींना पर्याय नाही.

या नोंदी फाइलीत राहू नयेत. आपल्या परिसरातल्या निरीक्षण विहिरीची मे महिन्यातली पातळी ग्रामसभेत मागा आणि गेल्या दहा वर्षांच्या पावसाशेजारी मांडा. पाऊस तेवढाच आणि पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर नवी बोअर घेण्याआधी गावाने उपशाचा निर्णय करायला हवा.