पौलाची टोपली
करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत प्रेषित पौलाविषयी कुजबुज होती: पत्रे जोरकस, पण समोर आला की माणूस फिका. प्रतिस्पर्धी शिफारसपत्रे घेऊन मिरवत होते. त्यांना उत्तर देताना, इ. स. 55 च्या सुमारास, पौलाने स्वतःचा मोठेपणा सांगितला तो उलटाच: 5 वेळा प्रत्येकी 39 फटके, 3 वेळा फुटलेले गलबत आणि दिमिष्कच्या तटावरून टोपलीत बसून काढलेला पळ. शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्याला रोमन लष्करात मानाचा मुकुट मिळे. पौल मात्र तट उतरला, आणि तेच सांगतो. पुढारीपणाची खूण त्याच्या लेखी हीच.

मग दुःखच पवित्र ठरते का? गांजलेल्यांना गप्प बसवायला असा उपदेश वापरला गेला आहे, म्हणून हा आक्षेप गंभीर आहे. पण पौलाने छळ ओढवून घेतला नाही. यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधले तेव्हा त्याने रोमन नागरिकत्व पुढे केले; फिलिप्पैत अधिकाऱ्यांनीच येऊन आपल्याला तुरुंगातून बाहेर काढावे, असा आग्रह धरला. सोसणे त्याने स्वतःकडे घेतले, इतरांवर लादले नाही. करिंथकरांकडून तर त्याने पोटापुरता पैसाही घेतला नाही. तिथे तो तंबू बनवून राहिला.