किडलेला दात कसा वाचवतात?

दातावरचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण ते एकदा गेले की पुन्हा वाढत नाही. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने इनॅमल विरघळते, कीड खालच्या मऊ दंतिनात शिरते आणि पुढे नसेपर्यंत पोहोचते. सतत सुपारी चावल्यानेही दाढा झिजतात, कधी तडकतात. नुकसान किती खोल गेले आणि धड दात किती उरला, यावर उपचार ठरतो.

उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यात अंतराचाही विचार करावा लागतो. काळी नदीच्या खोऱ्यात, जंगलात विखुरलेल्या वाड्यांवरून दवाखाना गाठायचा तर दिवस मोडतो. दंत महाविद्यालयासाठी दांडेलीकडून धारवाड, रामनगरकडून बेळगाव किंवा अनमोड घाट उतरून गोव्यातले बांबोळी गाठावे लागते. दुखणे अंगावर काढले की खर्चाबरोबर फेऱ्याही वाढतात.

कीड नसेपर्यंत गेली नसेल तर एका बैठकीत भागते. किडलेला भाग कोरून पोकळी भरतात. चांदी, म्हणजे पारामिश्रित अमल्गम, मजबूत असते. पण काळसर दिसते आणि पाऱ्यामुळे तिचा वापर कमी होत आहे. दाताच्या रंगाचे कंपोझिट निळ्या प्रकाशाने कडक करतात. त्यासाठी दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. ग्लास आयोनोमर सिमेंट त्याहून कमी टिकाऊ असले तरी दाताला रासायनिक बंधाने धरते आणि फ्लोराइड सोडत राहते.

याच सिमेंटवर दुर्गम भागांना उपयोगी पडणारी एक पद्धत उभी आहे. 1980च्या दशकात टांझानियात ती सुरू झाली. तिला ना वीज लागते ना ड्रिल, आणि बहुतेक वेळा भूलही लागत नाही. चमच्यासारख्या हातहत्याराने मऊ कीड खरवडून काढतात, पोकळी कापसाने पुसतात, भुकटी आणि द्रव कालवून भरतात आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने वरून दाबतात. शाळेच्या बाकावरही हे काम होऊ शकते.

दात रात्री ठणकू लागला, गरम लागताच बराच वेळ दुखत राहिला, तर नसेला इजा झालेली असू शकते. तेव्हा रूट कॅनाल करतात: नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करतात आणि रबरासारख्या गट्टापर्चाने बंद करतात. याला अनेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात. अशी दाढ तडकण्याचा धोका असल्याने तिच्यावर धातूची, सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची कॅप बसवतात. फेऱ्यांना कंटाळून कॅप टाळली, तर वाचवलेली दाढ फुटून काढावी लागू शकते.

दात काढावाच लागला तर शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज, काढघाल करता येणारी कवळी किंवा हाडात रोवलेले टायटॅनियमचे इम्प्लांट हे पर्याय उरतात. इम्प्लांट हाडात मुरायला काही महिने लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी कर्नाटक सरकारने मोफत कवळीची ‘दंतभाग्य’ योजना आणली.

कोणताही उपाय कायमचा नसतो. भरलेल्या जागेच्या कडेला आणि कॅपखालीही कीड लागते. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, तंबाखू-सुपारी सोडणे आणि दुखण्याची वाट न पाहता दात तपासून घेणे उपचारानंतरही चालूच ठेवावे लागते.