एमआरच्या बॅगेतला स्वस्त माल: घ्यावा की नाही?



साखर तपासायच्या पट्ट्या, बीपीचं मशीन, वाफेचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या वस्तू आता शहरातल्या दवाखान्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. गावात दर चार घरांआड कुणाला तरी साखर किंवा बीपी आहे, आणि कोरोनानंतर तर अशी यंत्रं घरोघरी आली. त्यामुळे आमच्या गटांच्या मासिक बैठकीत एक प्रश्न सारखा येतो. "दवाखान्यात येणारा कंपनीचा माणूस निम्म्या किमतीत पट्ट्या देतोय. दहा डबे घेतले तर अजून कमी करतो म्हणतो. घ्यायच्या का?" काही गटांना तर, "तुम्हीच गावात विका, डब्यामागे कमिशन घ्या," असंही सांगितलं जातं.

आमचं उत्तर सरळ आहे. ज्या वैद्यकीय वस्तूचं बिल नाही, ती घेऊ नका आणि विकूही नका. पण नुसतं 'नको' म्हटलं तर पटत नाही. पैसे वाचत असतील तर का नको, हे समजायला हवं. म्हणून आज तेच नीट बघू.

माल आपल्यापर्यंत येतो कसा?

कंपनी माल तयार करते किंवा परदेशातून आणते. तो घाऊक विक्रेत्याकडे जातो, तिथून मेडिकल दुकानात किंवा दवाखान्यात, आणि मग आपल्या हातात. प्रत्येक टप्प्यावर बिल होतं आणि मालावरचा बॅच नंबर नोंदला जातो. उद्या त्या बॅचमध्ये काही खोट निघाली, तर हीच नोंद धरून कंपनीला माल परत मागवता येतो.

आपण ज्याला एमआर म्हणतो, तो या साखळीतला विक्री प्रतिनिधी. डॉक्टरांना वस्तू दाखवायची, ती कशी वापरायची ते सांगायचं आणि ऑर्डर घ्यायची, हे त्याचं काम. त्यासाठी कंपनी त्याच्याकडे नमुने देते, दाखवायला मशीन देते. पण तो माल त्याच्या मालकीचा होत नाही. गटाची पेटी खजिनदार ताईंच्या घरी असते, म्हणून पेटीतले पैसे त्यांचे होतात का? तसंच हे.

बहुतेक एमआर प्रामाणिकपणे उन्हातान्हात फिरून पोट भरतात, हेही सांगायला हवं. टार्गेटचा ताण असतो, पगाराचा काही भाग विक्रीवर ठरतो. पण जिथे महाग माल एका माणसाच्या हाती असतो आणि त्याची मोजदाद ढिली असते, तिथे पाय घसरायला वाव राहतो.

साखळी कुठे तुटते?

माल बाहेर पडायच्या चार वाटा समजून घ्या.

पहिली वाट नमुन्यांची. डॉक्टरांना फुकट द्यायचा नमुना डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, परस्पर विकला जातो. अशा डब्यावर 'फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड' असं छापावं लागतं. म्हणजे डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे.

दुसरी वाट दाखवायच्या मशीनची. दहा ठिकाणी वापरून झालेलं मशीन पुसून, खोक्यात घालून नवं म्हणून विकलं जातं.

तिसरी वाट मुदत संपत आलेल्या मालाची. कागदावर तो परत गेलेला किंवा नष्ट केलेला दिसतो. प्रत्यक्षात तो स्वस्तात खेडोपाडी फिरतो, कधी तारीख खोडून, कधी वरून नवं लेबल चिकटवून.

चौथी वाट ऑपरेशन थिएटरमधली. तालुक्याच्या लहान हॉस्पिटलमध्ये हाड जोडायच्या प्लेटा, स्क्रू, सळया सगळ्या मापांत साठवून ठेवणं परवडत नाही. मग ऑपरेशनच्या दिवशी वितरकाचा माणूस पूर्ण संच घेऊन येतो. डॉक्टर त्यातलं लागेल ते वापरतात, वापरलेल्याचं बिल होतं, बाकीचं परत जातं. सोय चांगली आहे. पण चार स्क्रू वापरले आणि सहा लिहिले, तर दोन स्क्रू बिनहिशेबी उरले. त्यांचे पैसे एका पेशंटने भरलेले असतात आणि ते दुसऱ्या पेशंटला पुन्हा विकले जाऊ शकतात.

स्वस्तात नुकसान काय?

"चोरीची असली म्हणून काय झालं, पट्टी ती पट्टीच ना?" असं कुणी म्हणेल. इथेच खरी गोम आहे.

साखरेच्या पट्टीच्या टोकावर विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पातळ थर असतो. रक्तातल्या साखरेची त्याच्याशी क्रिया होते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. हा थर नाजूक असतो. ऊन, दमट हवा लागली की बिघडतो. म्हणून तर डबी घट्ट झाकणाची असते आणि तिच्यात ओल शोषून घेणारा पदार्थ असतो. बऱ्याच डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. आता विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या वर, आणि पट्ट्यांचा डबा मोटारसायकलच्या डिकीत आठवडाभर. मेडिकलवाल्याला माल नीट ठेवण्याची जबाबदारी कायद्याने असते. डिकीतल्या मालाची जबाबदारी कुणाची?

बिघडलेली पट्टी दिसायला चांगल्या पट्टीसारखीच असते. फक्त आकडा चुकीचा दाखवते. समजा काकूंची साखर खरी १२० आहे आणि पट्टीने २८० दाखवली. काकू इन्सुलिन घेत असतील आणि आकडा बघून त्यांनी डोस वाढवला, तर साखर एकदम उतरेल. घाम फुटेल, हातपाय थरथरतील, शुद्धही हरपू शकते. उलट झालं, साखर वाढलेली असून पट्टीने ती कमी दाखवली, तर आजार आत वाढत राहतो. डबा घेताना दोन-चारशे रुपये वाचतात आणि मग गाडी करून जिल्ह्याला धावावं लागतं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अशा पट्ट्यांची फेरविक्री हा मोठा धंदा आहे. विम्यातून मिळालेले, न वापरलेले डबे लोक विकतात आणि ते पुन्हा दुसऱ्यांना विकले जातात. तिथल्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये लोकांना सावध केलं की अशा आधी कुणाच्या तरी मालकीच्या पट्ट्या वापरू नका. कारण डबी उघडलेली असू शकते, ती नीट ठेवलेली नसते, मुदतीची तारीख बदललेली असू शकते, आणि तिच्यावर दुसऱ्याच्या रक्ताचा अंश असला तर संसर्गही होऊ शकतो.

शरीरात बसवलेल्या वस्तूचा कागद

पट्टी वाईट निघाली तर फेकता येते. हाडात बसवलेली प्लेट, हृदयातला स्टेंट, बदललेला सांधा यांचं काय? तिथे कागदाचं मोल कितीतरी जास्त.

एक उदाहरण बघा. हे चोरीचं नाही, पण कागद का जपायचा ते त्यातून कळतं. 'एएसआर' नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला, कारण बऱ्याच रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावं लागत होतं. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार त्यातल्या जेमतेम १,०८० रुग्णांचा माग लागला. बाकीच्यांपर्यंत निरोप पोचणार कसा, नुकसानभरपाई मिळणार कशी? रीतसर विकलेल्या मालाची ही गत, तर मागच्या दाराने आलेल्या मालाचा शोध कोण घेणार?

म्हणून घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं की दोन गोष्टी मागा. एक, बसवलेल्या वस्तूच्या खोक्यातलं स्टिकर. त्यावर कंपनीचं नाव, माप, बॅच नंबर आणि मुदत असते. ते केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. दुसरं, वस्तूचं नाव आणि किंमत वेगळी दाखवणारं बिल. हृदयातल्या स्टेंटबाबत तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवली, तेव्हाच हॉस्पिटलने बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहावा असं बंधन घातलं. हा आपला हक्क आहे. डॉक्टरांवर संशय घेतल्यासारखं होईल म्हणून संकोच करू नका. चांगले डॉक्टर न मागता देतात.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. ती विकायला औषधविक्रीचा परवाना किंवा वैद्यकीय उपकरणं विकण्याचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. बचत गटाची नोंदणी आहे म्हणून ती विकता येत नाहीत. पापड-लोणच्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे 'कमिशनवर विका' हा प्रस्ताव कितीही गोड वाटला तरी गट अडचणीत येऊ शकतो.

दुसरी बाब चोरीच्या मालाची. नोकराने मालकाचा माल चोरला किंवा विश्वासाने दिलेल्या मालाचा अपहार केला, तर भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून जो तो लबाडीने घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत. 'वाटायला कारण असून' हे शब्द लक्षात ठेवा. निम्मी किंमत, बिल नाही, डब्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का, एवढं सगळं समोर असताना "आम्हाला माहीतच नव्हतं" हे पोलिसांना पटवणं अवघड जातं.

घेताना काय बघायचं?

डबा हातात घेतला की आधी त्याच्या सगळ्या बाजू वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, नातवाला वाचायला सांगा.

- 'सॅम्पल', 'नॉट फॉर सेल' किंवा सरकारी पुरवठ्याचा शिक्का असेल तर घेऊ नका.
- कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख बघा. खोक्यावरचा आणि आतल्या डबीवरचा बॅच नंबर एकच हवा.
- सील तुटलेलं, तारीख खोडलेली, लेबलावर लेबल असेल तर परत करा.
- मशीनच्या मागे सिरीयल नंबर असतो. वॉरंटी कार्डावर तोच हवा. तो खरवडलेला असेल तर काहीतरी गडबड आहे.
- बिलावर दुकानाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख असल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधीच घेतलं असेल तर?

घाबरू नका आणि डबा फेकूनही देऊ नका. पट्ट्या वापरायच्या थांबवा. त्यांच्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ही तपासणी तिथे मोफत आहे, आशाताईंना विचारा. घेताना फोनवरून पैसे दिले असतील तर ती नोंद जपून ठेवा. डब्याचा फोटो काढा.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, औषध निरीक्षकांकडे करता येते. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. मशीन किंवा पट्टीमुळे कुणाला अपाय झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. दुकानदाराने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. विकणाऱ्याशी दारात भांडत बसू नका. तो सावध होईल आणि पुढच्या गावात जाईल. चार जणींनी मिळून लेखी तक्रार केली, तर एकीवर रोष येत नाही.

शेवटी पैशाचं बोलू, कारण सगळं येऊन तिथेच थांबतं. पट्ट्या महाग आहेत हे खरं आहे, आणि ज्या बाईला महिन्याला डबा लागतो तिला स्वस्ताचा मोह होणारच. त्यावर गट म्हणून करता येण्यासारखं आहे. गावात कुणाकुणाला कोणत्या मशीनच्या पट्ट्या लागतात याची यादी करा. शक्य तिथे एकाच कंपनीचं मशीन घ्या. मग परवाना असलेल्या मेडिकलवाल्याकडे गटाने एकत्र मागणी नोंदवा आणि सवलत मागा. दहा डब्यांचं गिऱ्हाईक कुणी सहसा सोडत नाही. माल बिलासकट येतो आणि पैसेही वाचतात.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि वर दिलेले तीन फोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.